बारा ठोक्यांची जागा

दादाराव म्हस्के पियानो वाजवता वाजवता मधेच दोन्ही हात उचलायचे आणि गुडघ्यांवर ठेवून द्यायचे. मग उजव्या पायातली चप्पल फरशीवर आपटत ठोके मोजायचे. कधी तीन, कधी सहा, एका वॉल्ट्झमध्ये तर पुरते बारा. तेराव्या ठोक्याला हात पुन्हा पट्ट्यांवर. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा अडकला. जुन्या माणसांना ती त्यांची ढब वाटायची. मला तो खड्डा वाटायचा. आणि खड्डा रस्त्यातला असो की गाण्यातला, तो बुजवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्याकडून श्रद्धांजलीची अपेक्षा ठेवणार नाही. मला दादारावांचा हेवा वाटायचा. सहा वर्षं मी त्यांच्याकडे गेले, आणि त्या सहा वर्षांत एकही दिवस तो वाटायचा थांबला नाही.

पुंडलिकनगरात एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा हार्मोनियम आणि कीबोर्डचा क्लास आहे. बावीस वर्षं चालवते आहे. मुलं परीक्षेला बसतात, पास होतात, पालक पेढे आणून देतात. एका दुपारी पांढऱ्या शर्टातले, खिशाला दोन पेनं लावलेले एक म्हातारे गृहस्थ चप्पल हातात धरून दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. अख्खी बॅच संपेपर्यंत उभ्यानं ऐकलं आणि मग म्हणाले, "बाई, तुमची पोरं लई बरोबर वाजवतेत."

मी आभार मानले. ते कौतुक नव्हतं हे कळायला मला तीन महिने लागले.

ते दादाराव. त्यांचं काम असं होतं. ते जन्मभर जिल्हा न्यायालयात टंकलेखक होते. "मला सगळं लिव्हता येतं, बाई. फक्त सूर लिव्हता येत नाय. तेवढं टायपिंग तुमी करा." पियानो ते कानानं शिकलेले. आता ऐंशी पार केल्यावर त्यांना घोर लागला होता, की आपल्या डोक्यात आहे ते आपल्याबरोबर जाणार. मी सरगममध्ये काहीही लिहून काढू शकते. एकदा ऐकलं की पुरे. माझ्यातलं तेवढं एकच खरं कौशल्य, आणि ते त्यांनी दारात उभं राहून ओळखलं होतं.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी स्कूटीवरून पडेगावला जाऊ लागले. दौलताबाद रोड सोडून आत वळलं की त्यांचं घर. दोन खोल्या, शेजारी म्हशींचा गोठा, आणि गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली. त्या खोलीत पियानो. लष्करी छावणीतल्या क्लबानं भंगारात काढला तेव्हा दादारावांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरून घरी आणला होता. "माझी लग्नातली भांडी बैलगाडीत आली, अन् ही बया ट्रॅक्टरमधी," काकू म्हणायच्या. काकू म्हणजे दादारावांची बायको. त्या पियानोला बयाच म्हणायच्या. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून दादाराव पियानोच्या खालच्या फळीच्या आत पाण्यानं भरलेलं एक मडकं ठेवत. ते रोज भरायचं काम काकूंचं. "मला हंडाभर पाणी आणून द्या म्हटलं तर पुढची तारीख. बयेला मात्र रोजच्या रोज."

पुढची तारीख हा दादारावांचा शब्द. कोर्ट त्यांच्या जिभेवरून निवृत्त झालंच नव्हतं. चहा बशीत ओतून घ्यायचे, पहिला घोट घेतला की म्हणायचे, "हं, चालू द्या कामकाज."

हे कामकाज कशाचं, तेही सांगते. छावणीतल्या क्लबात एके काळी डिसा मास्तर नावाचे एक गोव्याचे गृहस्थ पियानो वाजवायचे. शनिवारी नाच, रविवारी चहा. वॉल्ट्झ, पोल्का, असल्या विलायती नाचांच्या चाली. त्या काळी छावणीत ते सगळ्यांच्या तोंडी होतं. साहेब लोक नाचायचे, आणि भिंतीपलीकडे धोबी, बेकरीवाले, आया तेच गुणगुणत कामं करायच्या. दादाराव विशीत असताना घरच्या म्हशींचं दूध घालायला क्लबात जायचे आणि मास्तरांपाशी रेंगाळायचे. मास्तरांनी त्यांना शिकवलं, पण सगळं शिकवायच्या आत ते गेले. त्यांच्या कागदांची ट्रंक वाळवीनं खाल्ली. पुढे दादारावांनीच बरीच वर्षं शनिवारी क्लबात वाजवलं. पण तोवर लोकांना सिनेमातली गाणी हवी होती. जुनं मागं पडलं. कुणी ते विसरायचं ठरवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, एवढंच.

निवृत्तीनंतर दादारावांनी एकेक चाल परत उभी करायला घेतली, आणि ती कोर्टाच्या पद्धतीनं. प्रत्येक चालीची एक फाइल, पांढऱ्या नाडीनं बांधलेली. चालींची मूळ नावं कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून फाइलींवर लिहिलेलं असायचं: 'पावसात भिजलेल्या मेजरसाहेबांची पोल्का', 'धोबीघाटावरचा वॉल्ट्झ', 'रविवारच्या चहाचा वॉल्ट्झ'. आत साक्षीदारांच्या जबान्या. नियम एकच. कुठल्याही तुकड्याला दोन साक्षीदार हवेत, आणि ते एकमेकांशी बोललेले नसावेत.

"एकानं भागणार नाही का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मला काम उरकायला आवडतं.

"मृत्युपत्राला दोन लागतेत, बाई. मंग गाण्याला एक कसा चालंल?"

आणि दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर तेवढी जागा मोकळी. चपलेचे ठोके.

साक्षीदार आणायचं काम त्यांचं, लिहायचं माझं. एकदा छावणीतले एक म्हातारे बेकरीवाले आले. दादारावांनी पोल्काचा एक तुकडा वाजवला. "असंच होतं ना?" बेकरीवाल्यांनी मान डोलावली. मग त्यांनी तोच तुकडा मुद्दाम चुकीचा वाजवला. "का असं?" बेकरीवाल्यांनी पुन्हा डोलावली. तिसऱ्यांदा तर त्यांनी चक्क लग्नातल्या बँडची चाल वाजवली. बेकरीवाले भारावून म्हणाले, "एकदम वही! वाह!"

दादारावांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "लिव्हा बाई, साक्षीदार भरवशाचा नाय." आणि त्यांना प्रेमानं चहा पाजून, अर्धा शेर तूप देऊन परत पाठवलं.

एक धोबी आले होते, त्यांना सूर अजिबात आठवत नव्हता. पण त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, दगडावर आपटावा तसा हवेत आपटू लागले आणि म्हणाले, "क्लबातून ते वाजायचं तेव्हा हात असा चालायचा." दादाराव पंच्याच्या त्या लयीवर बोटं फिरवू लागले. पाच मिनिटांत वॉल्ट्झचा अख्खा दुसरा भाग सापडला. मी लिहीत होते. संगीत विशारद मी आहे, ते नाहीत. मला शंभर वर्षांत सुचलं नसतं, की चाल पंच्यात असू शकते.

त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली होती. ते चुका करायचे. एका पोल्कात अकरा. मी मोजल्या. माझी बोटं त्यांच्यापेक्षा दुपटीनं चपळ आहेत, आणि हे मी फुशारकीनं सांगत नाही, तशीच वस्तुस्थिती आहे. गावातल्या एका महिला मंडळानं आम्हा दोघांचा कार्यक्रम ठेवला होता. आधी मी चार चाली वाजवल्या, स्वच्छ. टाळ्या पडल्या, हळदीकुंकवाला पडतात तशा. मग दादारावांनी त्याच चार वाजवल्या, चुकांसकट, मधल्या ठोक्यांसकट. समोरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीनं हातातली पर्स खाली ठेवली, जणू तिचाही आवाज होईल. नंतर त्या त्यांच्याभोवती जमल्या आणि एक बाई माझ्याजवळ येऊन गोड हसत म्हणाली, "तुम्ही त्यांची पानं उलटायला असता का?"

समोर पानं नव्हतीच. ती सगळी मी लिहिलेली माझ्या पिशवीत होती.

परतताना दादाराव स्कूटीवर माझ्या मागे बसले होते. छावणीच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "बाई, आज तुमी लई बरोबर वाजवलं." मी ब्रेक इतक्या जोरात दाबला, की त्यांची टोपी उडाली.

'रविवारच्या चहाचा वॉल्ट्झ' हा सगळ्यांत सुंदर होता, आणि बारा ठोक्यांचा खड्डा त्यातच होता. तीन-तीन मात्रांची चार आवर्तनं, नेमकी चाल वर चढून आता उतरणार तिथली. दादारावांनी ती कधी शिकली नव्हती. कुणी साक्षीदार तिथपर्यंत पोचत नव्हता. सगळे तिथवर यायचे आणि म्हणायचे, "पुढं काहीतरी होतं बघा, फार छान होतं."

एका सकाळी भात लावलेला असताना, कुकरची दुसरी शिट्टी आणि तिसरी शिट्टी यांच्यामध्ये, ती चार आवर्तनं मला सुचली. मी आयुष्यात कधी काही रचलेलं नाही. मला ते येत नाही हे मी तिशीतच मान्य करून टाकलं होतं. पण ती आली, आणि बसली. कीबोर्डवर वाजवून बघितली आणि गॅस बंद करायची विसरले. भात करपला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, खड्डा बुजवला.

मी त्या वॉल्ट्झची पक्की प्रत करत होते. त्यात मोकळ्या जागी ती चार आवर्तनं लिहिली. त्याच शाईनं. दादारावांना सांगितलं नाही. मोकळी जागा डोळ्यांना खुपत होती, हे एक कारण. दुसरं मी वर सांगितलंच आहे.

माझ्या क्लासमधली ऋतुजा नावाची मुलगी त्या प्रतीवरून वॉल्ट्झ शिकली आणि तिनं तो आमच्या स्नेहसंमेलनात वाजवला. तिच्या वडिलांनी फोनवर चित्रफीत काढली. तिथून ती कुणाकुणाकडे गेली, मला कल्पना नाही. दादाराव साधा फोन वापरायचे, त्यामुळे त्यांच्यापर्यंत गेली नाही. छावणीत मात्र गेली असणार.

कारण दोन महिन्यांनी यमुनाबाई आल्या. वय नव्वदीचं. क्लबाच्या पोरांच्या खोलीत आया होत्या. दादाराव कित्येक वर्षं त्यांना शोधत होते. त्या आपल्या मुलाकडे नागपूरला होत्या, आता नातवाकडे छावणीत परतल्या होत्या. पत्र्याच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली, काकूंनी पाठीला उशी लावली. दादारावांनी फक्त विचारलं, "मावशी, रविवारी चहाला मास्तर काय वाजवायचे?"

यमुनाबाईंनी डोळे मिटले आणि वॉल्ट्झ गुणगुणायला लागल्या. चढ आला. मी पेन धरून बसले होते. त्या थांबल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या, माझ्या चार आवर्तनांमधून, एकेक सूर तसाच, आणि पलीकडे उतरल्या.

दादाराव स्टुलावरून अर्धवट उठले होते. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. पण माणूस पक्का. त्यांनी नुकतीच ऐकलेली चाल पियानोवर घेतली आणि मुद्दाम चुकवली.

"असंच ना, मावशी?"

"नको रे बाबा! वो ऊपर जाता. खाली नाय यायचं तिथं."

"तुमी कुठं ऐकलं हे?"

"कुठं म्हंजे? क्लबात. बड्या मेमसाबची पोरगी मांडीवर झोपायची. हे वाजलं की झोपायची, बंद झालं की रडायची."

त्या खोटं बोलत नव्हत्या. नातवाच्या फोनवर ऐकलेलं त्यांच्या आठवणीत जाऊन बसलं होतं, मांडीवरच्या पोरीसकट.

"लिव्हा बाई!" दादारावांचा आवाज चिरकला. "साक्षीदार क्रमांक एक. साठ वर्षं झाली, साठ! डिसा मास्तर म्हंजे काय माणूस व्हता बघा. हे असलं त्यालाच सुचावं!"

मी लिहिलं. दादारावांच्या तोंडून एखाद्या सुरावटीची तारीफ मी तोवर ऐकली नव्हती. आज ऐकली, आणि ती माझ्या सुरावटीची होती, आणि ती मेलेल्या माणसाला मिळाली. त्या दिवशी स्कूटीवरून घरी जाताना मला डिसा मास्तरांचाही हेवा वाटत होता.

पुढच्या गुरुवारी गेले तर दादाराव फाइलीची नाडी सोडून बसले होते. पुण्याहून काही मंडळी त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रित करायला यायची होती, दहा-बारा दिवसांत. त्याआधी त्यांना खड्डा भरायचा होता.

"बाई, तुमचे वडील छावणीच्या कचेरीत कारकून व्हते ना? क्वार्टर क्लबाच्या मागंच?"

"हो."

"मास्तर गेले तवा तुमी चार-पाच वर्षांच्या असाल. लेकरांच्या कानात ऱ्हातं. आठवून बघा." त्यांनी जबानीचा कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मी समक्ष ऐकले आहे.' खाली सहीची जागा. "दुसरा साक्षीदार झाला की मी ते वाजवीन. नायतर हायेच आपली चप्पल."

मी कागदाकडे बघत बसले. सही केली असती तर माझी चार आवर्तनं दादारावांच्या हातांनी वाजणार होती. त्या हातांनी, ज्यांच्यासमोर बायका पर्स खाली ठेवतात. कायमची मुद्रित होणार होती. कुणाच्याही नावावर का होईना, जगणार होती. नाही केली तर ती तिथंच संपणार. आणि खरं सांगितलं तर मी केलेल्या सगळ्याच प्रतींवर त्यांचा भरवसा उडणार. गोठ्यात म्हैस रेकली. दादाराव बशीतला चहा फुंकत होते, घाई करत नव्हते. साक्षीदाराला घाई करत नाहीत.

मी 'ऐकले आहे' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'रचले आहे.' सही केली. कागद फिरवून त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच विचारलं, "यमुनामावशी?"

"ऋतुजाचं ऐकलंय त्यांनी. फोनवर."

"अन् बाकीच्या फायली?"

"बाकी सगळं तुम्ही वाजवलं तसंच. शपथेवर."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कामून केलं, बाई?"

"तुमचा हेवा वाटतो म्हणून."

"व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं, म्हणाल, दात पडल्यावाणी दिसतं म्हणून."

त्यांनी पेन काढलं आणि माझ्या सहीच्या खाली त्यांच्या त्या वळणदार कोर्टी अक्षरात लिहिलं: 'कारण – हेवा.' वाळायला फुंकर मारली. फाइलीत लावून नाडी बांधली. ओरडले नाहीत, समजूत घातली नाही, चांगलं आहे की वाईट तेही बोलले नाहीत. काकूंना हाक मारून म्हणाले, "बाईंना चहा टाका, त्यांचा निवला." मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळ्या फाइली काढल्या आणि माझी एकेक प्रत वाजवून तपासली. मी शेजारी बसून राहिले. चूक एकही निघाली नाही. शेवटची नाडी बांधताना एवढंच म्हणाले, "लई बरोबर."

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पत्र्याच्या खोलीत गर्दी झाली. म्हशी शेजाऱ्यांच्या शेतात नेऊन बांधल्या होत्या. पंखा आवाज करतो म्हणून बंद. मडकं काठोकाठ भरलेलं. काकू नवं लुगडं नेसून दाराशी उभ्या होत्या, कुणी पाणी मागितलं तर खुणेनं 'पुढची तारीख' म्हणत होत्या. यमुनाबाई सगळ्यांत पुढे, उशी लावून. दादारावांनी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि पायात तीच जुनी चप्पल. पुण्याच्या मुलांनी ती काढायला सांगितली, आवाज येईल म्हणून. "ती बी वाजवते," दादाराव म्हणाले. मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि दुसरा माइक खाली फरशीजवळ लावला.

शेवटी रविवारच्या चहाचा वॉल्ट्झ. चूक नेहमीची, दुसऱ्या ओळीत. चढ आला. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत मला आशा होती, लपवून काय करू. दादारावांनी हात उचलले आणि गुडघ्यांवर ठेवले.

एक. दोन. तीन. चप्पल.

आणि यमुनाबाई गाऊ लागल्या. त्यांना कुठं ठाऊक, की तिथं थांबायचं असतं. डोळे मिटून, फाटक्या आवाजात, मांडीवर कुणीतरी असावं तसा हात थोपटत, त्या माझ्या चार आवर्तनांमधून चालत गेल्या. पुण्याचा एक मुलगा त्यांना गप्प करायला पुढे झाला. दादारावांनी गुडघ्यावरचा एक हात किंचित वर केला, कोर्टात करतात तसा. साक्षीदाराला बोलू द्या. मुलगा जागच्या जागी थांबला. चप्पल चालू होती. सात. आठ. नऊ. दादारावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं; बेकरीवाल्यांकडे पाहिलं होतं तसं, तिसऱ्यांदा वाजवून साक्षीदार जोखताना. मी नजर हलवली नाही. बारा. यमुनाबाई उतरल्या तिथंच दादारावांचे हात पट्ट्यांवर पडले, आणि मला मावशींच्या त्या नव्वद वर्षांच्या आवाजाचाही हेवा वाटला.

ते मी ऐकलेलं दादारावांचं शेवटचं वाजवणं. पुढचे दोन गुरुवार क्लासच्या परीक्षांमुळे चुकले आणि तिसऱ्या गुरुवारी ते नव्हते.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी निघताना मात्र मी स्कूटी सुरू करून वळून बघितलं होतं. सगळे अंगणात चहा पीत होते. पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत दादाराव एकटेच, जमिनीवर उकिडवे बसून पियानोची खालची फळी काढत होते. त्यांनी मडकं बाहेर काढलं, आत बघितलं, शेजारच्या तांब्यानं वाटीभर पाणी वाढवलं आणि ते परत आत ठेवलं. मग फळी लावता लावता गुणगुणायला लागले. चढ आला तेव्हा मी स्कूटी बंद केली. ते थांबले नाहीत. चौथ्या आवर्तनातला एक सूर त्यांनी जरा खाली घेतला.

मुद्दाम घेतला की चुकून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांचा बरोबर होता. माझ्या प्रतीत मी तो दुरुस्त केला आहे.